दुसरी हाक

अम्मी गेली तेव्हा मी आठवीत होते, आणि ती गेल्यावर मला पहिल्यांदा कळलं की अब्बा माझ्याशी कधी बोलतच नव्हते. म्हणजे बोलायचे, पण अम्मीमार्फत. "रझियाला सांग, चा टाक." "रझियाला इचार, परीक्षा कदी हाय." मी तिथेच चुलीपाशी, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर बसलेली असायचे. अम्मी नुसती माझ्याकडे बघायची, "ऐकलंस ना?" म्हणायची आणि मी उठायचे. माझं उत्तरही तिच्याच वाटेने परत जायचं. हा कारभार आम्हा तिघांच्या इतका अंगवळणी पडला होता की त्यात काही वेगळं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. माझ्या आधीची दोन भावंडं तान्हेपणीच गेलेली, त्यामुळे घरात माणसं तीन आणि बोलणारी एक. ती एक गेल्यावर काय उरणार, ते सांगायला नकोच.

पौडच्या बाजारात, एस.टी. थांब्याच्या थोडं पुढे अब्बांचं सायकलचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. तासावर भाड्याने द्यायच्या सायकली, पंक्चरं, वाकड्या चाकाचा आऊट काढणं, हेच त्यांचं जग. दिवसभर पंपाचा फुसफुस आवाज यायचा, आऱ्यांवर पाना फिरायचा, मधूनच नवी घंटी वाजवून बघितली जायची. गिऱ्हाइकाशी अब्बा चांगले बोलायचे, थट्टासुद्धा करायचे. कुणी मुलगा उशिरा सायकल परत घेऊन आला की म्हणायचे, "काय रं, मुंबैला जाऊन आलास का?" पडद्यामागे भाकरी थापता थापता मी ते ऐकायचे आणि मला त्या मुलाचा हेवा वाटायचा. मग फळ्या लागायच्या, अब्बा हात धुऊन आत यायचे आणि सगळं गप्प व्हायचं. सुरुवातीला शेजारपाजारून भाजीच्या वाट्या येत होत्या, हळूहळू त्या थांबल्या. मी करीन ते आम्ही खायचो. एकदा आमटीत मीठच पडलं नव्हतं. अब्बांनी ती तशीच भुरकली, भातावर पुन्हा घेतली. दुसऱ्या घासाला मला कळलं आणि रडू आलं. 'मीठ नाही' एवढं जरी ते म्हणाले असते तरी मला बरं वाटलं असतं. त्यांना चहा हवा असला की ते भिंतीकडे बघून "चा व्हईल का?" असं विचारायचे. माझं नाव त्यांच्या तोंडून येईनासंच झालं. 'रझियाला सांग' म्हणायला समोर कुणी नव्हतं, आणि नुसतं 'रझिया' म्हणायची त्यांना सवयच नव्हती.

अम्मीच्या बरसीला पुण्याहून फुफी, म्हणजे अब्बांची बहीण सकिना, आल्या. सगळं आवरल्यावर दुकानात स्टुलावर बसून त्यांनी विषय काढला. मी पडद्याआड तांदूळ निवडत होते.

"भाई, पोर वयात येतेय. घरात बाईमाणूस नाही, दुकानावर दिवसभर पुरुषांची ये-जा. मी नेते तिला. शाळा तिकडे चांगली आहे, शिवण शिकेल, माझ्या मुलींच्यात रमेल."

अब्बा चाक फिरवून बघत होते. चाक थांबल्यावर म्हणाले, "बगू."

"बघू काय? तिला विचारा की. तिलाच यायचं असेल. इथं एकटीनं भिंतींशी बोलत बसते ती. पुढच्या सोमवारी मी येते, तेव्हा हो की नाही ते सांगून टाका."

फुफी वाईट नव्हत्या, आणि त्यांचं काही खोटंही नव्हतं. त्यांच्याकडे रेडिओ होता, गच्ची होती, माझ्या वयाच्या दोन मुली होत्या. पण मला जायचं नव्हतं. ह्या घरात अम्मीची सुपं आणि डबे तिने ठेवले तसेच होते, आणि ते तसे का आहेत हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. दुसरं असं, की मी गेले तर अब्बा चहा कुणाला मागणार? भिंत थोडीच चहा टाकते. मी ठरवलं, अब्बांनी विचारलं की सरळ 'नाही' म्हणायचं. आठवडाभर मी वाट बघत होते. जेवायला बसले की विचारतील, झोपताना विचारतील. ते काही विचारीनात. मग मला वाटायला लागलं, विचारायचंच नाही म्हणजे पाठवायचंच ठरलंय.

शनिवारी शाळा सकाळची असायची. दुपारी घरी आले तर भर दिवसा दुकानाच्या फळ्या लावलेल्या. मी रस्त्यातच थांबले. याआधी दिवसा फळ्या लागल्या होत्या त्या अम्मीला नेलं त्या दिवशी. तेवढ्यात बाजूच्या बोळातून अब्बा एक हिरवी सायकल ढकलत बाहेर आले. ताम्हिणीच्या जंगलात धोंडिबा म्हणून फॉरेस्टचे गार्ड होते, त्यांची ही सायकल कधीची दुरुस्तीला येऊन पडली होती.

"शाल घे. ताम्हिणीला जाऊ. ही पोचवायची हाय, रान बघू, उंद्या परत."

मी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. ते माझ्याशीच बोलत होते.

सायकल पोचवायला दुकान बंद करून कुणी मुलीला घेऊन जंगलात मुक्कामाला जात नाही, एवढं मला कळत होतं. विचारायलाच नेताहेत, असं मनाशी म्हणत मी शाल घेतली आणि शिळ्या भाकऱ्या फडक्यात बांधल्या. एस.टी.च्या टपावर सायकल चढवली. धरणाचं पाणी लागलं तशी मी खिडकीशी सरकले, अब्बा माझ्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसले होते. गाडी तेव्हा ताम्हिणीपर्यंत जात नसे. जिथे सोडलं तिथून पुढे कच्चा रस्ता. अब्बांनी टायर दाबून बघितलं, मान हलवली आणि मला कॅरिअरवर बसायची खूण केली. हिवाळ्याचे दिवस, भात कापून झालेलं, खाचरांत नुसती धसकटं आणि कडेला पेंढ्याच्या उडव्या. सगळा रस्ता मी अब्बांची पाठ बघत होते. सदऱ्याला खांद्याजवळ एक ठिगळ होतं, अम्मीच्या हातचं. आता ते बोलतील, चढ संपला की बोलतील, असं करता करता उन्हं उतरली. एवढ्या जवळ बसूनही मला इतकं एकटं त्याआधी कधी वाटलं नव्हतं. आता त्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना ढाबे आणि रिसॉर्टच्या पाट्या लागतात, जंगलाला अभयारण्य म्हणतात आणि आत शिरायला पावती फाडावी लागते. माझी नातवंडं गाडीतून उतरायच्या आधी विचारतात, रेंज आहे का.

धोंडिबाकाकांचं घर कारवीच्या कुडाचं, शेणामातीने लिंपलेलं. आम्हाला बघून ते आणि त्यांची बायको चांगुणामावशी दोघंही चकित झाली. "मिस्त्री, सायकलीसाठी तुमी सोता आला व्हय? आन् पोरगीबी!" काका म्हणाले आणि लगेच कोंबडं धरायला पळाले. ते त्यांनी अब्बांच्याच हातात आणून दिलं. "बिस्मिल्ला तुमीच करा. आमच्या देवाचं बोकाडबी मुलान्याच्याच हातचं आस्तंय, कोंबड्याचं काय एवडं." अब्बा हसले. वर्षभरात मी त्यांना घरचं माणूस असल्यासारखं हसताना पाहिलं ते तिथे, परक्याच्या अंगणात. मावशींनी तांदळाच्या पातळ भाकरी केल्या, रस्सा इतका तिखट की नाकाडोळ्यांतून पाणी. अब्बा म्हणाले, "वैनी, झ्याक झालंय." मी मनात म्हटलं, माझ्या आमटीला एकदा तरी म्हणायचं होतंत.

संध्याकाळी ओसरीवर पुरुष बोलत बसले आणि मी मावशींबरोबर चुलीशी. जंगलातून कुत्रं भुंकल्यासारखा पण घोगरा आवाज आला. मी दचकले. "भेकर हाय ते," मावशी म्हणाल्या. "भ्यायला काय हुतंय. पन उंद्या रानात जानार म्हनत्यात न्हवं तुजं बाबा, तर येक ध्यानात ठेव. रानात कुनी हाक मारली तर पयल्या हाकंला ओ द्यायची न्हाई."

"का?"

"चकवा आस्तोय. मान्सासारकीच हाक मारतोय, पन येकदाच. तू ओ दिलीस की ग्येलीस त्याच्यामागं, मग दिसभर हिंड त्याच झाडाभवती. मानूस आसंल तर तो पुन्यांदा हाक मारतोय. ज्येला तू पायजेल आस्तीस त्यो थांबतोय व्हय येका हाकंवर?"

मी हसले नाही. त्या वयात अशा गोष्टींवर माझा विश्वास होता, आणि खरं सांगायचं तर आजही जंगलात गेले तर मी पहिल्या हाकेला ओ देणार नाही.

सकाळी धुकं इतकं होतं की अंगणातली तुळस दिसेना. धोंडिबाकाका आम्हाला देवराईकडे घेऊन गेले. शेकरू दाखवतो म्हणाले. देवराईच्या कडेला ओढा होता, त्याच्याशी एका मोठ्या दगडावर आम्हाला बसवून काका पुढे फेरी मारायला गेले. "हितंच ऱ्हावा, आलोच. आन् रानातली वाळकी काटकीबी उचलायची न्हाई, द्येवाची हाय." आम्ही दोघं बसलो. ओढ्याचं पाणी, वर कुठेतरी पानांवरून गळणारे थेंब. अब्बांनी घसा साफ केला. मी वाट बघितली. त्यांनी पुन्हा घसा साफ केला आणि तंबाखूची डबी काढली.

मला ते सहन होईना. डोक्यावर झाडात काहीतरी खसफसलं, बघते तर तांबूस, झुपकेदार शेपटीचं शेकरू. तेवढं निमित्त पुरलं. ते एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर उडी मारत होतं आणि मी खालून त्याच्यामागे. धुक्यात झाडांचे बुंधे पुढे येत होते आणि मागे पडत होते. शेकरू एका पानांच्या घरट्यात शिरलं, मी मान वर करून थांबले, आणि मग लक्षात आलं की ओढ्याचा आवाज येत नाहीये.

तेव्हाच हाक आली.

"रझिया!"

एकदाच. पुरुषाचा आवाज, लांब ओढलेला, शेवटी थोडा फाटलेला. मला तो आवाज ओळखू आला नाही. हे लिहिताना आजही हात थांबतो, पण खरं आहे ते. अब्बांच्या तोंडून माझं नाव हाक म्हणून मी जन्मात ऐकलं नव्हतं. 'रझियाला सांग' हे ऐकलं होतं, नुसती 'रझिया' कधीच नाही. अब्बा मला नावाने हाक मारत नाहीत, तेव्हा हे अब्बा नव्हेत. इतकं सोपं गणित होतं माझं. मी एका खोडाला पाठ लावली, दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि दुसऱ्या हाकेची वाट बघत उभी राहिले. असेल माणूस तर मारेल पुन्हा. असतील अब्बा तर मारतील पुन्हा.

दुसरी हाक आली नाही. थेंब गळत होते, लांबवर भेकर भुंकलं. हळूहळू मला दोनच गोष्टी खऱ्या वाटायला लागल्या: एक तर तो चकवा होता, नाहीतर ते अब्बा होते आणि त्यांना मी एका हाकेपुरतीच हवी होते. यातली दुसरी जास्त भीतीची होती. मी चकवाच धरून चालले.

धुकं विरळ झालं तसा ओढा पुन्हा ऐकू आला. त्या आवाजाने मी खाली उतरले. अब्बा त्याच दगडावर बसले होते. तंबाखूची डबी पायाशी पडलेली. मला बघून ते उठले नाहीत. पाण्याकडे बघतच म्हणाले, "हाक मारली व्हती."

"ऐकली."

"ऐकली?" आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. वर्षभरात असं सरळ बघितलं नव्हतं. "मंग झालं की. जा फुफीकडं. सकिना म्हनलीच व्हती, पोरगीलाच यायचंय. मी काय आडवनार न्हाई."

मला कळेचना. "कोण म्हणालं मला जायचंय?"

"इचारायला म्हनून हाक मारली. समूर बसून जमंना मला. तू ग्येलीस तिकडं, म्हनलं आता मारावी हाक, इचारावं. तर ऐकून बी ओ दिली न्हाईस. आनि काय सांगायचं ऱ्हायलं?"

"पण तुम्ही दुसऱ्यांदा मारलीच नाही!" मी ओरडले. अब्बांवर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले आणि ओरडता ओरडताच रडायला लागले. "रानात एका हाकेला ओ द्यायची नसते. चकवा एकदाच मारतो. मी थांबले होते. मला वाटलं तुम्ही असाल तर पुन्हा माराल. तुम्ही मारलीच नाही. मला नाही जायचं कुठं!"

अब्बांनी पायाशी पडलेली डबी उचलली. तेवढ्यात धोंडिबाकाका परतले आणि माझं रडणं बघून आम्हाला तसंच घरी घेऊन आले. सगळा प्रकार ऐकून चांगुणामावशींनी भाकरी परातीतच टाकली. "आवो मिस्त्री, रानात पोरगी दिसंना आनि तुमी येकदा हाक मारून बसला? गाय चुकली तर मानूस घसा बसंस्तवर वरडतोय!"

"तिची आई पयल्या हाकंला ओ द्यायची," अब्बा हळूच म्हणाले. "मला पुन्यांदा मारायची सवंच न्हाई, वैनी."

मावशींनी अब्बांपुढे भाकरी ठेवली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. परतीच्या वाटेला सायकल नव्हती. आम्ही चालत निघालो, एस.टी.पर्यंत आणि एस.टी.त एक शब्द बोललो नाही. तुम्हाला वाटेल त्या प्रसंगाने बांध फुटला असेल, बाप-लेक गप्पा मारत घरी आले असतील. तसं काही होत नसतं. पण धरणाचं पाणी मागे पडलं तेव्हा थंडी वाजत होती, आणि अब्बांनी माझ्या मांडीवरची शाल उचलून माझ्या खांद्यांवर नीट घातली.

सोमवारी फुफी आल्या. मी मागच्या खोलीत अम्मीच्या डब्यांशी बसले होते. आत काही ऐकू येत नव्हतं, गिऱ्हाइकांची गडबड होती. मग पडद्यापलीकडून हाक आली.

"रझिया!"

मी उठले, पण पाय पुढे टाकला नाही. का कोण जाणे. मला पाहायचं होतं. दुकानात एकदम शांतता झाली. पंपही थांबला. आणि मग सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी दुसरी.

"रझिया!"

"ओ!" मी म्हटलं आणि बाहेर आले. अब्बा पाना हातात घेऊन उभे होते, कान लाल झाले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "फुफीला चा टाक. ती निगालीय. येकलीच जातीया." मध्ये कुणीही नव्हतं. मलाच म्हणाले. फुफींनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि पिशवी खाली ठेवली. चहा फार गोड झाला होता, तो त्यांनी सगळा प्यायला.

घर काही त्यानंतर भरलं नाही. आम्ही दोघंच होतो आणि गप्पच होतो. माझ्या सगळ्या तरुणपणाला त्या दोन खोल्यांतल्या शांततेचा वास आहे. अम्मीची जागा कुणी घेतली नाही, माझ्यानेही ती घेतली गेली नाही. पण त्या दिवसापासून अब्बांनी मला जेव्हा जेव्हा हाक मारली, ती दोनदा. चहासाठी दोनदा, पान्यासाठी दोनदा, माझ्या लग्नात कबूल म्हणायच्या आधी बायकांच्या खोलीच्या दारात येऊन दोनदा. पहिलीला ओ द्यायची नाही असा जणू करारच होता आमचा. बाजारातली पोरं चिडवायची, मिस्त्रींच्या मुलीचं नावच रझिया-रझिया आहे म्हणून. मला त्याचा राग कधी आला नाही.

अब्बांच्या शेवटच्या आजारात मी पौडला येऊन राहिले होते. दुकान केव्हाच बंद झालं होतं, फळ्या तेवढ्या होत्या. एका संध्याकाळी मी आमटीला फोडणी देत होते आणि बाहेरच्या खोलीतून हाक आली. बारीक, शेवटी फाटलेली. झाकण हातात धरून मी सवयीने थांबले, दुसरीची वाट बघत. फोडणी तडतडून शांत झाली. दुसरी आली नाही. मग मला कळलं की त्यांच्या अंगात आता एकाच हाकेपुरतं बळ उरलंय, आणि झाकण तिथेच टाकून मी धावले. ते दाराकडे डोळे लावून पडले होते.

"हाक... मारली व्हती," ते म्हणाले.

"ऐकली, अब्बा," मी त्यांचा हात धरला. "पहिलीच ऐकली."